एकाच आडनावाचे दोन राजीनामे : 'लेव्हल ४२' आणि १९८७ साल

मार्च १९८७ मध्ये 'लेव्हल ४२' या ब्रिटिश बँडचा 'रनिंग इन द फॅमिली' हा अल्बम आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातली एकामागून एक गाणी पहिल्या दहात जात होती. अमेरिकेत मॅडोनाच्या दौऱ्यात सुरुवातीचा कार्यक्रम याच बँडचा. एवढं सगळं चालू असताना, वर्ष सरायच्या आत चौघांतले दोघं बँड सोडून गेले. गिटारवाला बून गूल्ड आणि ड्रमर फिल गूल्ड. सख्खे भाऊ.

या घटनेची एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. बँडचे जुने चाहते ती अजूनही त्याच तावातावाने सांगतात. मूळचा हा बँड जॅझ-फंक वाजवणारा, अस्सल वादकांचा. मग बासवाला आणि गायक मार्क किंग याला पॉपची, पैशाची, टीव्हीची चटक लागली. गूल्ड बंधूंना ते पटेना, म्हणून ते तत्त्वासाठी बाहेर पडले. गोष्ट सुटसुटीत आहे, तिच्यात एक खलनायक आहे आणि दोन साधू आहेत. मीही बरीच वर्षं ती अशीच सांगत होतो. पण तारखा, गाण्यांखालची नावं आणि नंतर कोण कोणाबरोबर वाजवायला गेलं हे सगळं शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं, की ती जागोजागी फाटते.

बेटावरचे दोन ड्रमर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. मार्क किंग तिथल्या काउझ गावचा, जन्म १९५८. गूल्ड बंधूही त्याच बेटावर वाढलेले. मार्क मूळचा ड्रमर आणि फिलही ड्रमर. एका बँडमध्ये दोन ड्रमर ठेवून करायचं काय? मार्क लंडनमध्ये चेरिंग क्रॉस रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात काम करत होता. तिथं हाताला बास गिटार लागली आणि जागा रिकामी होती म्हणून तो बासवाला झाला.

हा तपशील पुढच्या सगळ्याची किल्ली आहे, म्हणून इथं जरा थांबतो. स्लॅप पद्धतीच्या बासमध्ये उजव्या हाताच्या अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढून सोडायची. अमेरिकन फंकमधून आलेली ही युक्ती मार्कच्या आधी कित्येकांनी वाजवली होती. मार्कने तिच्यात ड्रमरचं डोकं घातलं. उजव्या अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये तो डाव्या हाताची बोटं तारांवर आपटतो. त्या आघातातून सूर निघत नाही, नुसता 'टक्' असा बंद आवाज येतो. खुला, बंद, खुला, बंद असं करत सोळा मात्रांचं जाळं तो इतक्या वेगात विणतो की दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. मी शाळेत असताना चार वर्षं तबल्यावर हात बडवले आहेत, फार पुढे गेलो नाही. पण हा बास पहिल्यांदा ऐकला तेव्हा आधी डोक्यात आले ते बोल होते, सूर नंतर आले. आणि हे सगळं करताना माणूस बास जवळजवळ छातीवर बांधून, वर गातही असतो. गाण्याची ओळ एका लयीत, अंगठा दुसऱ्या. त्या अंगठ्याचा विमा उतरवल्याची बातमी पुढे वर्तमानपत्रांनी चवीने छापली.

चौथा माइक लिंडप लंडनचा. त्याची आई नादिया कातूझ ही मूळची बेलीझची, लोकगीतं गाणारी आणि अभिनेत्री. वडील डेव्हिड लिंडप संगीतकार. लंडनच्या गिल्डहॉल या संगीत शिकवणाऱ्या संस्थेत शिकताना त्याची फिलशी गाठ पडली. चौघांच्या देवघरात मूर्ती होत्या त्या माइल्स डेव्हिस, जॉन मॅक्लॉफ्लिनचा महाविष्णु ऑर्केस्ट्रा, स्टॅन्ली क्लार्क यांच्या. हाच मॅक्लॉफ्लिन 'शक्ती' या बँडमध्ये आपल्या झाकिर हुसेनबरोबर वाजवायचा. तेव्हा मार्कच्या बासमध्ये तबला ऐकू येणं हा माझ्या एकट्याचा भास नसावा.

बँडचं नाव डग्लस ॲडम्सच्या विनोदी विज्ञानकथेतून आलं. तिथं विश्वाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर ४२ आहे.

गायला कोणी लावलं?

ठरलेल्या गोष्टीतली पहिली फट इथंच आहे. १९८० साली लंडनमध्ये ब्रिटफंकची, म्हणजे ब्रिटिश वादकांच्या फंकची, लाट होती. लिंक्स, फ्रीझ, लाइट ऑफ द वर्ल्ड, इनकॉग्निटो असे तरुण वादकांचे ताफे क्लबांमधून वाजत होते. लेव्हल ४२ ला निव्वळ वाद्यसंगीत करायचं होतं. अँडी सोइका नावाचा माणूस एलीट हे छोटं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, चालवायचा. त्याने यांना ऐकलं आणि सांगितलं, यावर शब्द घाला. त्यातून 'लव्ह मीटिंग लव्ह' हे पहिलं सिंगल झालं. मार्क गायला लागला, वरच्या पट्टीत माइक. दोघांपैकी एकालाही आपण गायक आहोत असं तेव्हा वाटत नसावं. सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये ते बिचकून गाताना ऐकू येतात.

म्हणजे पॉपकडे पहिलं पाऊल पडलं ते लेबलच्या सांगण्यावरून, चौघांच्या संमतीने आणि १९८० मध्येच. १९८५ मध्ये कोणी एकाने पाय घसरून नव्हे.

मग पॉलिडोर हे मोठं लेबल आलं. १९८१ च्या पहिल्या अल्बमचा निर्माता माइक व्हर्नन, ब्लूजमधला जुना जाणता माणूस. १९८३ मध्ये बँड लॉस एंजेलिसला गेला आणि 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन फंक बँडच्या व्हर्डिन व्हाइट आणि लॅरी डन यांच्या हाताखाली 'स्टँडिंग इन द लाइट' केला. त्यातलं 'द सन गोज डाउन' दहाव्या क्रमांकावर गेलं आणि घराघरांत नाव पोचलं. पुढच्या वर्षी 'ट्रू कलर्स' केन स्कॉटने केला. केन स्कॉट निवडण्यामागे या पोरांच्या मनात काय असणार हे उघड आहे, कारण महाविष्णु ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डवर त्याचं नाव होतं. बँडला एकाच वेळी दोन्ही हवं होतं. खपही हवा आणि उस्तादांची शाबासकीही.

पाचवा माणूस

वॉली बादारू फोटोत नसतो. जन्म पॅरिसचा, कुळ बेनिनचं, हातात सिंथेसायझर. 'एम' या नावाने रेकॉर्ड काढणाऱ्या रॉबिन स्कॉटच्या पहिल्या अल्बमच्या कामात त्याची आणि फिलची ओळख झाली. बहामातल्या नॅसो इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत ग्रेस जोन्ससारख्यांच्या मागे वाजवणारा हा माणूस लेव्हल ४२ च्या पहिल्या अल्बमपासून सोबत होता, पण मंचावर यायचा नाही. दौऱ्याला जायचा नाही. बँडचा सभासद म्हणून सही नाही. तरी गाण्यांखाली त्याचं नाव येत राहतं.

१९८५ चा 'वर्ल्ड मशीन' बँडने आणि बादारूने मिळून केला आणि आवाज बदलला. पूर्वी मध्यभागी बास आणि ड्रम असायचे, आता कीबोर्डचा चकचकीत पडदा पुढे आला. बूनची गिटार बारीक, छान, पण कडेला. 'समथिंग अबाउट यू' ब्रिटनमध्ये सहावं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत सातवं गेलं. मार्कचा सरळ, जाडसर आवाज कडव्यात आणि माइकची बारीक फॉल्सेटो, म्हणजे कृत्रिम उंच आवाज, धृपदात, ही जोडी तिथं जमून गेली. त्याच वर्षी 'लेसन्स इन लव्ह' ब्रिटनमध्ये तिसरं आणि जर्मनीत पहिलं.

आता या गाण्यांचे लेखक पाहू. 'समथिंग अबाउट यू'वर चौघांची आणि बादारूची नावं आहेत. 'लेसन्स इन लव्ह'वर मार्क, बून, बादारू. 'रनिंग इन द फॅमिली' या शीर्षकगीतावर मार्क, फिल, बादारू. बँडमध्ये शब्दांचं खातं मुख्यतः गूल्ड बंधूंकडे होतं. मार्क आणि बादारू चाल बांधायचे, दोघा भावांपैकी कोणीतरी ओळी लिहायचा.

ज्या गाण्यांनी बँडला 'बिघडवलं' असं जुने चाहते म्हणतात, त्यांचे शब्द साधूंनीच लिहिले होते. आणि काय शब्द! त्या काळच्या नाचायच्या गाण्यांत प्रेमभंगाच्या तयार ओळी असायच्या, तशा या नाहीत. संसार मोडल्याची खंत, आपणच केलेल्या चुकीची कबुली, घरातली कडक शिस्त आणि तिने मुलांवर उमटवलेल्या खुणा असा ऐवज आहे. 'रनिंग इन द फॅमिली' तर नावापासून घराण्याचं गाणं. अंगठ्यामुळे लोक आले, पण ती गाणी आज चाळीस वर्षांनीही म्हटली जातात त्यात शब्दांचा वाटा फार मोठा आहे. वर्तमानपत्रांतले मथळे मात्र अंगठ्यालाच.

दोन वेगवेगळ्या गोष्टी

बूनने आधी बँड सोडला. दौऱ्यांनी त्याची प्रकृती आणि मन दोन्ही थकलं होतं, घरी स्थिरावायचं होतं. स्वभावाने तो मागे राहणारा. स्टेडियममध्ये दुसऱ्याच्या प्रेक्षकांपुढे रोज संध्याकाळी उभं राहणं त्याला सोसलं नाही. त्याच्या जाण्यात संगीताचं तत्त्वज्ञान मला कुठे दिसत नाही. थकलेला माणूस घरी गेला, एवढंच.

फिलचं तसं नव्हतं. थकवा त्यालाही होता. पण त्याबरोबर मार्कशी संबंध बिघडलेले होते, आणि बँड पॉपकडे फार कलला ही नाराजीही होती. डिसेंबरपर्यंत तोही गेला.

दोन राजीनामे, दोन कारणं. पण आडनाव एक, वर्ष एक, म्हणून बाहेरच्यांनी त्यांची एकच गोष्ट केली. फिलची नाराजी बूनच्या नावावर चढली आणि बूनचा थकवा फिलच्या बंडात विरून गेला. समजा गिटारवाला आणि ड्रमर एकमेकांचे कोणी नसते, तर कोणी 'दोघांनी निषेध केला' असं म्हटलं असतं का? आपल्याकडे संयुक्त कुटुंबात दोन भाऊ वेगळे निघाले की गाव एकच कारण शोधतं, आणि ते सहसा तिसऱ्या भावाच्या बायकोवर जाऊन थांबतं. तसंच हे.

फिलच्या नाराजीचा थोडा विचार करायला हवा. ती खोटी नव्हती. तो आणि मार्क दोघंही मुळात ड्रमर. एकाने ठेका सोडून तार धरली, पण तारेवरही ठेकाच वाजवत राहिला. सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये बास आणि ड्रम यांची झटापट ऐकण्यासारखी आहे. एकाने जागा सोडली की दुसरा शिरतो. पुढे कीबोर्डचे थर वाढले, गाणं चार मिनिटांत बसवायचं ठरलं, तशी ड्रमरने सरळ चालावं अशी अपेक्षा आली. जागा भरण्याचं काम मार्कचा अंगठा करतच होता आणि चेहराही तोच होता. फिल ओळी लिहितो आणि ठेका धरतो, टाळ्या मात्र अंगठ्याला. हा माझा तर्क आहे, पण १९८१ आणि १९८७ चे अल्बम पाठोपाठ ऐकले तर ड्रमच्या बाजूने काय हरवलं ते कानालाच कळतं.

खलनायकाने पुढे काय केलं

मार्कला फक्त पॉप हवं होतं, हे खरं असतं तर रिकाम्या जागांवर त्याने कोणाला घेतलं असतं? सरळ ठेका धरणारा, कमी बोलणारा, चेहऱ्याने बरा असा कोणीतरी. त्याने गॅरी हजबंडला घेतलं. हजबंड हा जॅझ-फ्यूजनमधला गिटारवाला ॲलन होल्ड्सवर्थ याचा ड्रमर, म्हणजे फिलपेक्षाही कितीतरी जास्त जॅझमधला माणूस. गिटारला ॲलन मर्फी आला. गायिका केट बुशच्या रेकॉर्डवर वाजवलेला, 'गो वेस्ट' या पॉप बँडबरोबर नाव कमावलेला, सुरांच्या विचित्र वळणांचा शौकीन. या दोघांसह १९८८ मध्ये 'स्टेअरिंग ॲट द सन' आला आणि ब्रिटनमध्ये तोही दुसऱ्या क्रमांकावर. गूल्ड गेले आणि बँड कोसळला, हेही म्हणूनच खरं नाही. निदान ब्रिटनमध्ये नाही. अमेरिकेत मात्र 'समथिंग अबाउट यू'सारखं यश पुन्हा आलं नाही.

१९ ऑक्टोबर १९८९ ला मर्फी गेला. एड्समुळे झालेला न्यूमोनिया. वय ३५. आजाराची गोष्ट त्याने बँडमधल्यांनाही कळू दिली नव्हती. त्या काळात तो आजार सांगणं म्हणजे काय, हे ज्यांना आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको. या धक्क्यातून बँड कसा सावरला याचं उत्तर, पूर्ण सावरला नाही, असंच द्यावं लागेल. पुढचा अल्बम 'गॅरंटीड' यायला १९९१ उजाडलं. लेबलही बदललं, आरसीए. त्यावर गिटार वाजवायला मार्कने बोलावलं ते खुद्द ॲलन होल्ड्सवर्थला. फ्यूजनचे चाहते ज्याच्यापुढे कान पकडतात तो माणूस. जो संगीत विकायला निघाला तो होल्ड्सवर्थला बोलावेल, हे मला पटत नाही. फार तर म्हणता येईल की मार्कला शेवटपर्यंत दोन्ही हवं होतं, जसं १९८४ मध्ये चौघांनाही हवं होतं. तोवर लोकांच्या आवडी दुसरीकडे गेल्या होत्या आणि दोन्ही साधणं अवघड झालं होतं.

आणि मग सगळ्यात अडचणीचा पुरावा. १९९४ चा 'फॉरेव्हर नाउ'. या अल्बमसाठी फिल गूल्ड परत आला. गाणी लिहिली, ड्रम वाजवले. अल्बम ऐकलात तर तो काही १९८१ च्या जॅझ-फंककडे वळलेला नाही. चांगलं घासूनपुसून केलेलं फंक-पॉप आहे, 'वर्ल्ड मशीन'चंच भावंड शोभेल असं. तो स्टुडिओत आला, पण दौऱ्यावर गेला नाही. तिथं गेव्हिन हॅरिसन बसला.

यावरून मी एवढंच काढतो की फिलला पॉप असह्य होतं हे अर्धंच खरं. बंद खोलीत मार्कबरोबर गाणं बांधायला तो सात वर्षांनी तयार झाला. बसमध्ये, हॉटेलांत, विमानतळांवर मार्कबरोबर महिनोन्महिने राहायला झाला नाही. जे १९८७ मध्ये तुटलं त्यात संगीत किती आणि सहवास किती, याचं प्रमाण त्याच्या या वागण्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच मुलाखतीतून कळणार नाही. अशा भांडणांत चाहत्यांना सहवास दिसत नाही. त्यांच्या हातात असते रेकॉर्ड, म्हणून ते सगळी कारणं रेकॉर्डमध्येच शोधतात.

मार्कच्या पदरात काहीच घालू नये असं मात्र नाही. दोन माणसं एका वर्षात दमून निघून जातात तेव्हा वेळापत्रक कोणाच्या वेगाने आखलं होतं हा प्रश्न उरतोच. मार्क थकत नव्हता. त्याला मंच आवडत होता, अजून आवडतो. अशा माणसाला शेजारचा थकला आहे हे उशिरा कळतं.

नंतर

१९९४ मध्ये बँड संपला. मार्क बेटावर परतला आणि एकट्याच्या नावावर काही काळ वाजवत राहिला. नावाचे हक्क मिळवून २००१ पासून त्याने पुन्हा 'लेव्हल ४२' म्हणून दौरे सुरू केले. ड्रमला गॅरी हजबंड. काही वर्षांनी माइक लिंडपही परत आला.

२००६ मध्ये 'रेट्रोग्लाइड' नावाचा नवा अल्बम झाला आणि त्यातल्या गाण्यांवर एक जुनं नाव पुन्हा दिसलं. बून गूल्ड. गिटार हातात घेऊन दौऱ्यावर तो आला नाही, यायचा प्रश्नच नव्हता. त्याने शब्द दिले. १९८७ मध्ये त्याला जे नको होतं ते त्याने पुन्हा धरलं नाही, आणि जे हवं होतं ते कधी सोडलंही नव्हतं. ३० एप्रिल २०१९ ला तो गेला.

बूनच्या जागी मंचावर गेली कित्येक वर्षं नेथन किंग गिटार वाजवतो. मार्कचा धाकटा भाऊ. 'रनिंग इन द फॅमिली' सुरू होतं तेव्हा त्या मंचावर पुन्हा दोन सख्खे भाऊ असतात.